दुसरा रकाना

गौरव समारंभाच्या पुस्तिकेसाठी थोरल्या बाईंचं 'जीवन आणि कार्य' आठशे शब्दांत लिहून द्या, असा निरोप मुलांच्या चाचण्या घेणाऱ्या आमच्या केंद्राच्या संचालकांनी मला शिपायाकरवी पाठवला. आठशे शब्द! एक्क्याऐंशी वर्षांचं आयुष्य, त्यातली एकोणतीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढलेली, आणि हे गृहस्थ मला शब्द मोजून देणार. तरी मी चार दिवस खपून लिहिलं. लेख परत आला तो लाल रेघांनी भरून. समासात संचालकांच्या टपोऱ्या अक्षरात शेरा होता : 'फार घरगुती. कर्तृत्वावर भर द्यावा.'

घरगुती म्हणजे काय, तर बाईंनी जे खरोखर केलं ते सगळं.

थोरल्या बाई म्हणजे आमच्या विषयातलं मोठं नाव. मुलं शिकतात कशी यावर त्यांची तीन जाडजूड पुस्तकं आहेत, आणि शिक्षकांच्या कुठल्याही कॉलेजात त्यांचं नाव न घेता वर्ष सरत नाही. पण त्याआधी त्या एका प्राथमिक शाळेत चौपन्न मुलांच्या वर्गावर होत्या. वर्षातून एकदा तपासनीस यायचा. उभ्या उभ्या एकेका मुलाला एकेक प्रश्न विचारायचा आणि उत्तर चुकलं की वहीत 'मंद' लिहून पुढच्या बाकाकडे वळायचा. शेवटच्या बाकावरची एक मुलगी अशी लागोपाठ तीन वर्षं मंद ठरली. तिसऱ्या वर्षी शाळा सुटल्यावर बाईंनी तिला थांबवून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. फक्त मध्ये एक वाक्य सांगितलं. मुलीने फटकन उत्तर दिलं. हिला काय येत नाही ते त्या माणसाने मोजलं, पण हिला येण्यासाठी किती थोडं पुरतं ते कुणी मोजलंच नाही, असं त्या दिवशी बाईंच्या डोक्यात आलं, आणि पुढची सगळी पुस्तकं, सगळी व्याख्यानं त्यातूनच निघाली.

त्यांची चाचणीही त्यातूनच निघाली. बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांनी बारा पट्ट्या केल्या. प्रत्येक पट्टीवर चार चौकोन; तिनांत चित्रं, एक मोकळा. मोकळ्यात कुठलं चित्र बसेल ते मुलाने चार तुकड्यांतून उचलायचं. एवढंच. खरी करामत होती ती फॉर्ममध्ये. त्यात दोन रकाने होते. पहिला 'एकट्याने', दुसरा 'मदतीने'. मुलाचं उत्तर चुकलं की परीक्षकाने फुली मारायची नाही, हातातली पेन्सिल टेबलावर ठेवायची. मग म्हणायचं, 'पुन्हा बघ.' तरी जमलं नाही तर मुलाचं बोट धरून पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. तरीही नाहीच जमलं तर तसलीच दुसरी पट्टी दोघांनी मिळून सोडवायची. यातल्या कितव्या पायरीला उत्तर आलं ते दुसऱ्या रकान्यात लिहायचं. दुसरा रकाना कोरा असेल तर तो फॉर्म न भरलेला समजायचा, हा बाईंचा नियम. नवी होते तेव्हा माझे एका महिन्यात चाळीस फॉर्म त्यांनी माझ्या टेबलावर परत आणून आपटले होते.

"मुलाला काय येत नाही हे त्याच्या शेजारच्या पोरालाही ठाऊक असतं," त्या म्हणाल्या होत्या. "ते सांगायला तुला पगार कशाला द्यायचा?"

मी त्या खोलीत रडले होते, आणि त्यानंतर माझा एकही फॉर्म परत आला नव्हता. हे मी लेखात लिहिलं होतं. संचालकांनी पट्ट्या खोडल्या, पुठ्ठे खोडले, मुलगी खोडली, माझं रडणं तर खोडलंच. काय उरलं? पुस्तकांची यादी, पदकांची यादी आणि त्यांनी पदरचं घातलेलं एक वाक्य : 'त्यांची चाचणी आज प्रत्येक शाळेत पोहोचली आहे.' माझा संताप झाला, पण मी गिळला. बाईंचा सन्मान होतोय, आपण मिठाचा खडा कशाला टाका, असं म्हणून मी गप्प बसले. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे पुढे कळेलच.

समारंभ रविवारी संध्याकाळी पाच वाजता होता. शुक्रवारी मी माझा एक कुर्ता आखूड करायला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शिलाईच्या दुकानात गेले. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि टेबलाखाली बसून चिंध्यांशी खेळणारी शिलाईवालीची आठ वर्षांची मुलगी. अंगाने काटकुळी आणि बोलायला टोकदार, म्हणून आई तिला टाचणी म्हणते. त्या दिवशी टाचणी गप्प होती. आईचे डोळे सुजलेले.

"ताई, तुम्ही त्या केंद्रात आहात ना?" शिलाईवालीने मशीनच्या खणातून एक कागद काढला. "हे जरा बघा. सोमवारपासून हिला वेगळ्या शाळेत घालायला सांगितलंय. म्हणे हिची झेप कमी आहे. अहो, ही माझी कापडं लावून देते. कुठला तुकडा कुठे बसतो ते मला विचारावं लागतं, तिला नाही!"

कागद आमच्या केंद्राचा होता. वर बाईंच्या चाचणीचं नाव होतं. बारा पट्ट्या, बरोबर उत्तरं तीन, शिफारस : विशेष शाळा. मी कागद उलटून बघितला, पुन्हा सुलटा केला. रकाना एकच होता.

इथे मी माझंही माप पदरात घेतलं पाहिजे. चार वर्षांपूर्वी केंद्राने चाचणीची 'लघु आवृत्ती' काढली हे मला माहीत होतं. मी तेव्हापासून प्रशिक्षण विभागात, दुसऱ्या इमारतीत. आम्हाला सांगितलं गेलं होतं की लघु आवृत्ती ही फक्त पहिली चाळणी. ज्यांना कमी गुण पडतील त्यांची मग पूर्ण चाचणी होणार. मी ते ऐकलं, मान डोलावली आणि विद्यार्थ्यांना दोन रकाने शिकवत राहिले. पूर्ण चाचणी होते की नाही, हे चार वर्षांत एकदाही जाऊन बघितलं नाही. दुसरी इमारत म्हणजे मधे एक रस्ता. तो ओलांडायचे मला कष्ट झाले.

"हिला दुसऱ्यांदा कुणी बसवलं का? मदत करून?" मी विचारलं.

"कसली मदत? दहा-बारा मिनिटांत बाहेर पाठवलं. मी विचारलं तर परीक्षा घेणाऱ्या बाई म्हणाल्या, आमच्या हातात नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच केंद्रावर गेले आणि संचालकांच्या खोलीत न विचारता शिरले. ते समारंभाच्या खुर्च्यांचा नकाशा बघत होते. मी कागद त्या नकाशावर ठेवला.

"अरे वा, लघु आवृत्ती," ते म्हणाले. त्यांना काय, कागदाचा रंग ओळखीचा वाटला.

"पूर्ण चाचणी कधी होते, सर?"

"कोणाची?"

"ज्यांना कमी गुण पडतात त्यांची."

त्यांनी चष्मा काढून पुसला. या माणसाला उत्तर द्यायचं नसलं की चष्म्यावर धूळ बसते. "तत्त्वतः तरतूद आहे. पण एका मुलामागे पन्नास मिनिटं म्हणजे तुम्हीच विचार करा. व्यवहारात पहिल्या टप्प्याचाच निकाल ग्राह्य धरतो."

"म्हणजे होत नाही."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"मी भावनेच्या भरातच आहे, सर! चार वर्षं बाईंच्या नावाखाली नेमकं तेच चाललंय जे मोडायला बाईंनी जन्म घालवला. तपासनीस परत आणून बसवलात तुम्ही. फक्त त्याला शिक्का दिलात."

त्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे उठले, कपाटातून एक फाईल काढली आणि एक पान माझ्यासमोर धरलं. लघु आवृत्तीला मान्यता. दुसरा रकाना वगळण्यास हरकत नाही. खाली सही थोरल्या बाईंची. ती सही मी एकोणतीस वर्षं बघितली आहे, तिच्यात खोट काढायला मला जागाच नव्हती.

"आता काय म्हणता?" संचालक म्हणाले.

मी त्या पानाची प्रत मागून घेतली आणि निघाले. संचालकांवर चिडणं सोपं होतं, त्यांच्याकडून कधी अपेक्षाच नव्हती.

बाई दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहतात. मी गेले तेव्हा खिडकीपाशी बसून भिंगाने काहीतरी वाचत होत्या. दर भेटीत मी आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करते. त्या दिवशी गुडघे गेले खड्ड्यात. मी सहीचा तो कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

"ही सही तुमची?"

त्यांनी भिंग फिरवलं. बराच वेळ फिरवलं. "फॉर्म बदलला तेव्हा केली होती."

"का?"

"त्यांनी सांगितलं, पन्नास मिनिटांची चाचणी कुठलीच शाळा घेत नाही. बारा मिनिटांत बसवली तर सगळ्या शाळांत लागू करतो, नाहीतर केंद्रातून बंद. मी म्हटलं, अगदी नसण्यापेक्षा अर्धी बरी. आणि कमी गुणांच्या मुलांची पूर्ण चाचणी होणारच होती ना?"

"होत नाही."

"काय?"

"एकाही मुलाची होत नाही, बाई. चार वर्षांत एकाही नाही. तुम्ही विचारलंत का कधी?"

"मला कुणी कळवलं नाही."

"कळवलं नाही!" माझा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर चढला. "माझे चाळीस फॉर्म मोजून परत करणाऱ्या तुम्ही! एक स्वल्पविराम चुकला तर पान परत लिहायला लावणाऱ्या! तुम्हाला कुणी कळवायला हवं होतं? तुम्हाला विचारायचंच नव्हतं. तुम्हाला प्रत्येक शाळेत तुमचं नाव हवं होतं. ते मिळालं आणि तुम्ही डोळे मिटून घेतलेत."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण माघार घेतली नाही. बाईंनी भिंग बंद करून टेबलावर ठेवलं.

"जरा जास्तच बोललीस," त्या म्हणाल्या. मग कागद मला परत देत, "पण चुकीचं नाही बोललीस. फोन लाव त्याला."

मी संचालकांना फोन लावून त्यांच्या हातात दिला. बाई म्हणाल्या, एका मुलीची पूर्ण चाचणी मी स्वतः घेते, तो निकाल धरा, तिला सोमवारी हलवू नका. पलीकडून संचालकांचा मध घातलेला आवाज मलाही ऐकू येत होता.

"मॅडम, तुमचा शब्द आम्हाला शिरोधार्य. पण नियमाने परीक्षकाकडे चालू प्रमाणपत्र लागतं. तुमचं सहा वर्षांपूर्वी संपलंय. दर दोन वर्षांनी नूतनीकरण असतं ना."

"चाचणी मी तयार केली आहे," बाई म्हणाल्या.

"अर्थात! त्याचा तर आम्हाला अभिमान आहे."

मला हसू आलं आणि त्या हसण्याचाच संताप आला. जिने चाचणी जन्माला घातली तिला ती घ्यायला परवानगी नाही, आणि बारा मिनिटांत लेकरू निकालात काढणाऱ्याला आहे! मी फोन हिसकावून घेतला. "माझं प्रमाणपत्र चालू आहे, सर. मी घेते. दोन्ही रकान्यांची."

"तरतूद कागदावर आहे, दोन रकान्यांचा फॉर्म केव्हाच रद्द झालाय. तो वापरणं हा शिस्तभंग आहे," ते म्हणाले. आवाजातला मध संपला होता. "तुमचं प्रमाणपत्र जाईल."

"ते जाईपर्यंत माझी सही चालते. नियम आहे."

नियम होताच. प्रमाणपत्र असलेल्या परीक्षकाचा निकाल, पुढे त्याचं काहीही होवो, शाळेला धरावाच लागतो. नियमांवर जगणाऱ्या माणसाला कधीतरी नियमच चावतो. त्यांनी फोन ठेवला.

पुढचं आधीच सांगून टाकते. माझं प्रमाणपत्र दहा दिवसांत रद्द झालं. टाचणी तिच्याच शाळेत, तिच्याच वर्गात राहिली. समारंभ ठरल्या वेळी झाला. बाई गेल्या नाहीत आणि पदक एका रिकाम्या खुर्चीवर ठेवून फोटो काढले गेले. मला सांगायचंय ते रविवारचं.

रविवारी दुपारी शिलाईवाली मुलीला घेऊन बाईंच्या घरी आली. बाईंनी जुन्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढल्या. मी फॉर्म घेऊन समोर बसले, बाई बाजूला. पहिल्या पट्टीवर मेणबत्ती होती : उंच, मग थोडी कमी, मग मोकळा चौकोन, मग अगदी बुटकी. टाचणीने चार तुकडे न्याहाळले आणि कोरी करकरीत, न पेटवलेली मेणबत्ती उचलली.

मी पेन्सिल खाली ठेवली. "पुन्हा बघ."

ती पुन्हा तीच दाखवू लागली. "मावशी, जुनी संपत आली की आई दुसरी आणते. तीच बसते इथे."

शिलाईवालीने कपाळावर हात मारला. पण बाई पुढे सरकल्या. "बघितलंस?" त्या मला म्हणाल्या. "कापडाचे तुकडे जसे जुळवते तशी बघते ही. पुढे काय येतं ते नाही, शेजारी काय शोभतं ते."

मी टाचणीचं बोट धरलं आणि पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. बोट मोकळ्या चौकोनावर आलं तशी ती थांबली.

"हां! ही एकच मेणबत्ती आहे? जळतेय ती?"

तिने बरोबर तुकडा ठेवला. दुसऱ्या पट्टीला मी हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला आणि स्वतःच बोट फिरवलं. तिसरीला बोटाचीही गरज लागली नाही. त्यानंतर एकही चुकली नाही. बाराच्या बारा. सबंध चाचणीत तिचं एकदाच बोट धरावं लागलं होतं. तेवढ्याच मदतीसाठी तिची सगळी शाळा बदलणार होते. दुसऱ्या रकान्यात मी आकडा लिहिला तेव्हा माझी पेन्सिल कागदात रुतली. शिलाईवाली पदराने डोळे पुसत होती आणि लेकीच्या पाठीवर धपाटे घालत होती, दोन्ही एकाच वेळी.

टाचणीला मात्र आनंद झालेला दिसला नाही. ती पट्ट्या एकावर एक रचत होती आणि तिच्या भुवया जुळल्या होत्या.

"मग त्या दिवशीच्या बाईंनी मला असं बोट का नाही फिरवायला सांगितलं?"

मी बोलायला तोंड उघडलं, तर बाईंनी मला हाताने थांबवलं.

"त्यांना नको म्हणून सांगितलं होतं."

"कुणी?"

"मी."

"का?"

तीन पुस्तकांची ती बाई त्या पोरीपुढे गोरीमोरी झाली. "मला घाई झाली होती," अखेर त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं, हे ऐकून माझा राग उतरेल. नाही उतरला. अजूनही उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

टाचणीने रचलेल्या पट्ट्या बाईंपुढे सरकवल्या. "आमच्या वर्गातली आणखी एक गेली त्या शाळेत. मागच्या वर्षी. माझ्या शेजारी बसायची. तिला पण दाखवाल, आजी?"

बाई उठल्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेल्या, दोन मजले उतरायचे. मी म्हटलं, तिला इकडे आणू. त्या म्हणाल्या, नको, मीच जाते. जिन्यात पाच वेळा थांबल्या. वाटेत माझा फोन सारखा वाजत होता, बाईंना न्यायला गाडी येऊन थांबली होती. मी फोन बंद केला.

टाचणीच्या मैत्रिणीचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. तिची आजी निवडलेलं धान्य डब्यात भरत होती, आम्हाला बघून गोंधळली. मुलगी दाराआडून बाहेर आली. नव्या शाळेचा बिल्ला तिने सुट्टीच्या दिवशीही लावला होता. टाचणी तिच्याजवळ बसली आणि तिला भराभर समजावू लागली, की हे काही अवघड नाही गं, नुसतं बोट फिरवायचं. बाईंनी जमिनीवर बसायला फार वेळ घेतला. मग मेणबत्तीची पट्टी तिच्यापुढे ठेवली.

"हे बघ बाळा. इथे काय बसेल?"

तिने पट्टीकडे बघितलंही नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि पाठ केलेलं सांगावं तसं, अगदी नम्रपणे म्हणाली, "मला नाही येत. मी त्या शाळेतली आहे."

"एकदा बघ तरी," बाई म्हणाल्या. त्यांनी बोट धरायला हात पुढे केला.

मुलीने हात काढले नाहीत.